टेल्मिसार्टन, प्रोपोफॉल आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या : धुळ्यातील एक प्रकरण

वैशाखातल्या एका दुपारी, धुळ्यातील एका खासगी रुग्णालयात पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६६ वर्षांच्या रुग्णाचा रक्तदाब भूल दिल्यानंतर, पोटावर पहिला छेद घेण्यापूर्वीच, ६८/४० पर्यंत उतरला आणि नेहमीच्या औषधाच्या दोन मात्रा देऊनही तो वर येईना. रक्तस्राव नव्हता, हृदयाचा आलेख सर्वसाधारण होता, अंगावर गांधी नव्हत्या, श्वासनलिका आवळलेली नव्हती. बिघाड होता तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, तिथल्या स्नायूला आवळून धरायला लावणाऱ्या संदेशांत. कोणता संदेश कोणत्या औषधाने अडवला आहे हे ओळखल्यावरच उपचाराची दिशा ठरली. रुग्णाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलून हे प्रकरण येथे मांडत आहे.

रुग्ण

शिंदखेडा तालुक्यातील कापूस पिकवणारे हे शेतकरी. वजन ५८ किलो. उच्च रक्तदाब काही वर्षांपासूनचा, त्यासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम अशी एकत्रित गोळी रोज सकाळी चालू. मधुमेह नाही, दमा नाही, छातीत दुखण्याचा इतिहास नाही, जिना चढताना धाप लागत नाही. पित्ताशयातील खड्यांमुळे वारंवार पोटात कळ येत असल्याने शस्त्रक्रिया ठरली होती. हृदयाचा आलेख सर्वसाधारण, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) १.१, हिमोग्लोबिन १४.८ आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) ४६ टक्के.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहून बहुतेकांना समाधान वाटेल, परंतु त्या दिवसांत ते आकडे वेगळे वाचावे लागतात. मे महिन्यात धुळे-जळगावकडे पारा ४३-४४ अंशांवर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. रुग्णाने आदल्या रात्री आठ वाजता जेवण केले होते, आणि ‘उपाशी या’ याचा अर्थ पाणीही बंद असा घेऊन त्यानंतर सकाळच्या दोन घोटांखेरीज काहीही घेतले नव्हते. वास्तविक भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी पिण्यास बहुसंख्य रुग्णांना हरकत नसते. सकाळी एसटीने प्रवास, नंतर यादीतला क्रमांक मागे पडल्यामुळे दुपारपर्यंतची वाट. तपासताना जीभ कोरडी होती, ओठांना चिरा पडल्या होत्या आणि सकाळची लघवी गडद पिवळी झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. थोडक्यात, हिमोग्लोबिनचा आकडा रक्त भरपूर असल्याचा नव्हता, रक्तातील पाणी आटल्याचा होता.

सिस्टरांनी विचारले, “आप्पा, सकाळी बीपीची गोळी घेतली का?” उत्तर ठसक्यात आले, “लिधी ना, सकायलेच. डॉक्टरनी सांगेल शे, गोयी चुकावानी नही.” यात आप्पांची चूक काहीच नाही. रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळीही दोन घोट पाण्यासोबत घ्यावी, ही सूचना अ‍ॅम्लोडिपिनसाठी योग्य आहे, मेटोप्रोलॉलसारख्या औषधासाठी तर फारच महत्त्वाची आहे, कारण ते अचानक बंद करणे धोक्याचे ठरते. टेल्मिसार्टन ज्यात मोडते त्या सार्टन गटाच्या गोळ्यांबाबत मात्र अनेक भूलतज्ज्ञ त्या २४ तास आधी थांबवणे पसंत करतात, आणि पाणी बाहेर टाकणारी थायझाइडची गोळी उपाशीपोटी, उन्हाळ्यात घेणे हे तर टाळलेलेच बरे.

शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का, यावर आम्ही विचार केला. सार्टन चालू ठेवल्याने शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब जास्त वेळा पडतो, परंतु नंतरच्या गंभीर गुंतागुंती त्यामुळे वाढत नाहीत, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका फ्रेंच चाचणीत दिसले आहे. म्हणजे रक्तदाब पडणार हे गृहीत धरून तयारी करणे हा मार्ग उपलब्ध होता. कुटुंबीयांना हे समजावून सांगितले, रिंगर लॅक्टेटचे ५०० मिलिलिटर सलाईन आधी दिले, दुसऱ्या हातात मोठ्या शिरेत जाड सुई बसवली, रक्तवाहिन्या आवळणारी औषधे म्हणून नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि फ्रीजमधले व्हॅसोप्रेसिन हाताशी आणून ठेवले आणि मगच रुग्णाला टेबलावर घेतले.

भुलेनंतरची मिनिटे

टेबलावरचा पहिला रक्तदाब १४२/८४, नाडी ८०. वेदनाशामक फेंटॅनिल १०० मायक्रोग्रॅम आणि त्यानंतर भूल देणारे प्रोपोफॉल ८० मिलिग्रॅम एका मिनिटात सावकाश दिले, म्हणजे किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम. निरोगी तरुणाला किलोमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम लागते. वयस्कांना एक ते दीड पुरते. स्नायू शिथिल करण्यासाठी व्हेक्युरोनियम निवडले, कारण अ‍ॅट्राक्युरियम हिस्टामिन मोकळे करते आणि त्यानेही रक्तवाहिन्या सैलावतात. श्वासनलिकेत नळी घातली, श्वासावाटे भूल टिकवणारे सेव्होफ्लुरेन दोन टक्क्यांवर सुरू केले.

प्रोपोफॉलनंतर रक्तदाब ११६/६८ झाला. नळी घालतानाच्या उत्तेजनाने तो १३२/७८ पर्यंत चढला. खरी घसरण त्यानंतरच्या निवांत काळात झाली, जेव्हा पोट स्वच्छ करून कापड अंथरण्याचे काम चालू असते आणि रुग्णाच्या शरीराला कसलीच टोचणी नसते. सहाव्या मिनिटाला ८४/५०, आठव्या मिनिटाला ६८/४०. सरासरी दाब ४९. नाडी मात्र ७४, जणू काही घडलेच नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ३४ वरून २६ वर आला होता, आणि श्वासाचे यंत्र तितकेच चालू असताना हा आकडा असा पडतो तेव्हा फुप्फुसांकडे पोहोचणारे रक्तच कमी झालेले असते.

सेव्होफ्लुरेन एक टक्क्यावर आणले, पाय उंचावले, सलाईन वेगाने सोडले, दाब वाढवण्याचे नेहमीचे औषध मेफेंटरमीन ६ मिलिग्रॅम दिले. रक्तदाब ८०/४६ झाला आणि दोन मिनिटांत पुन्हा ७०/४२ वर आला. दुसऱ्या ६ मिलिग्रॅमने तो ७६/४४ च्या पुढे गेला नाही. याच वेळी बाकीच्या शक्यता एकेक करून तपासल्या: श्वासमार्गातील दाब १८ वर स्थिर, दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी, कातडी स्वच्छ, हृदयाच्या आलेखातील एसटी भाग (हृदयाला रक्त कमी पडले की सरकणारा) जागेवर. औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी असती तर बहुधा नाडी धावली असती आणि छाती आवळली असती.

वाहिन्या थेट आवळणाऱ्या फिनाइलएफ्रिनच्या १०० मायक्रोग्रॅमने दाब ९२/५८ झाला, नाडी ६२ वर उतरली, आणि चार मिनिटांत दाब पुन्हा ७८/४६. नॉरअ‍ॅड्रेनालिन मिलिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम इतके पातळ करून मोठ्या शिरेतून, किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम या गतीने, म्हणजे ताशी सुमारे २२ मिलिलिटर, सुरू केले आणि दुप्पट केले. दाब ८६/५२ वर थांबला. तेव्हा व्हॅसोप्रेसिन एक युनिट दिले. दोन मिनिटांत ११२/६६, आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ३३.

स्नायूच्या आत

हा क्रम उलगडायचा तर धमनीच्या भिंतीतील अरेखित स्नायूच्या एका पेशीपर्यंत जावे लागते. या स्नायूचे आकुंचन कॅल्शियमवर चालते. विश्रांतीत पेशीच्या आत कॅल्शियमची मात्रा बाहेरच्या सुमारे दहा हजारांश असते, त्यामुळे दार किंचित उघडले तरी कॅल्शियम आत धावते. आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते, ही जोडी एका विकराला जागे करते, आणि तो विकर मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवतो. फॉस्फेट चढले की मायोसिन अ‍ॅक्टिनला धरते आणि स्नायू आवळतो. दुसरा एक विकर तेच फॉस्फेट सतत उतरवत असतो. रक्तवाहिनी किती आवळलेली राहील हे चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या या दोन विकरांच्या ओढाताणीवर ठरते. ‘ऱ्हो-कायनेज’ नावाचे एक प्रथिन उतरवणाऱ्याला अडवते, त्यामुळे कॅल्शियम तितकेच असूनही आकुंचन वाढते. यालाच स्नायूची कॅल्शियमबाबतची संवेदनशीलता म्हणतात.

या यंत्रणेला बाहेरून चालना देणारे तीन मुख्य संदेश आहेत. शरीराला आपोआप सज्ज ठेवणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन झिरपते आणि अल्फा-१ ग्राहीवर (संदेश पकडणाऱ्या, पेशीवरील प्रथिनावर) बसते. मूत्रपिंडाने सोडलेल्या रेनिनच्या साखळीतून अँजिओटेन्सिन-२ तयार होते आणि एटी-१ ग्राहीवर बसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन येते आणि व्ही-१ ग्राहीवर बसते. तिन्ही ग्राही वेगळे, पण पेशीच्या आत त्यांची वाट जवळपास एकच: साठ्यातील कॅल्शियम मोकळे करणे, पडद्यावरील कॅल्शियमची दारे उघडणे आणि ऱ्हो-कायनेजला कामाला लावणे. शरीरात पाणी कमी पडते तेव्हा हे तिन्ही संदेश वाढतात. आप्पांचा सकाळचा १४२/८४ हा दाब पुरेशा पाण्याच्या जोरावर नव्हता, रक्तवाहिन्या घट्ट आवळून राखलेला होता.

प्रोपोफॉल येथे काय करते? १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आलेल्या या औषधाच्या शोधासाठी मूळचे पशुवैद्यक असलेले जॉन ग्लेन यांना २०१८ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आज देशातील लहानमोठ्या बहुतेक शस्त्रक्रियागृहांत त्याचे दुधाळ पांढरे द्रावण असते. प्रयोगशाळेत धमनीचे कापलेले कडे द्रावणात टांगून, ते नॉरअ‍ॅड्रेनालिनने आवळून, त्यावर प्रोपोफॉल सोडले तर कडे मात्रेनुसार सैलावते. यामागे पडद्यावरील एल-प्रकारची कॅल्शियमची दारे अडवली जाणे आणि कॅल्शियमबाबतची संवेदनशीलता घटणे ही कारणे दिसतात. वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटण्याचा वाटाही सांगितला जातो, पण तो सर्व वाहिन्यांत आणि सर्व प्राण्यांत सारखा आढळत नाही.

मात्र या प्रयोगांवरून थेट रुग्णाबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रक्तातील प्रोपोफॉलचा ९७ ते ९९ टक्के भाग प्रथिनांना बांधलेला असतो. कड्यांवरच्या प्रयोगांतील मात्रा पुष्कळदा त्याच्या मोकळ्या भागाच्या कितीतरी पट असते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या हाताच्या धमनीत प्रोपोफॉल स्थानिक पातळीवर सोडले असता हाताच्या वाहिन्या लक्षणीय सैलावल्या नाहीत, तर संपूर्ण भूल दिल्यावर त्या सैलावल्या, आणि त्या सैलावण्याचे प्रमाण त्या हाताच्या सिंपथेटिक मज्जातंतू बधिर केल्यावर दिसणाऱ्या प्रमाणाइतकेच होते. म्हणजे रुग्णाच्या शरीरात प्रोपोफॉल मुख्यतः मेंदूकडून निघणारा आवळण्याचा आदेश कमी करते. स्नायूवरचा थेट परिणाम त्याला जोड देतो. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्नायूच पंगू झाला असता तर कोणतेही आवळणारे औषध फारसे उपयोगी पडले नसते. स्नायू शाबूत असून त्याला आदेश मिळत नसेल, तर बाहेरून आदेश देता येतो.

आप्पांच्या नाडीचा ७४ हा आकडाही येथेच उलगडतो. दाब पडला की मानेतील धमन्यांतील दाबग्राही मेंदूला कळवतात आणि नाडी वाढते. प्रोपोफॉल हा प्रतिसाद मंदावून खालच्या पातळीवर नेऊन ठेवते, म्हणून कमी दाबालाही शरीर ‘ठीक आहे’ असेच मानते. आठव्या मिनिटाला प्रोपोफॉलची एकच मात्रा मेंदूतून स्नायू आणि चरबीकडे पसरून ओसरू लागलेली असते, परंतु तोवर सेव्होफ्लुरेनची मात्रा चढलेली असते आणि तेही वाहिन्या सैलावतेच. दोघांच्या कामाची हद्द येथे एकमेकांत मिसळते.

शिरांचा वाटा वेगळा नोंदवला पाहिजे. शरीरातील सुमारे दोनतृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असते. त्यांच्या भिंतीतला स्नायू थोडा जरी सैलावला तरी रक्त तिथेच साठते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. आधीच पाणी आटलेल्या माणसात याचा फटका दुप्पट बसतो. कार्बन डायऑक्साइडचा घसरलेला आकडा हेच सांगत होता.

मेफेंटरमीन का चालले नाही

आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तदाब पडला की हात आधी मेफेंटरमीनकडे जातो. स्वस्त आहे, सहज मिळते, मणक्यातील भुलेनंतर चांगले काम करते. परंतु हे औषध बऱ्याच अंशी अप्रत्यक्ष काम करते: मज्जातंतूंच्या टोकांतील साठ्यातून नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर ढकलते. साठा एकदा रिकामा होऊ लागला की दुसरी मात्रा पहिलीइतकी चालत नाही. त्यात टेल्मिसार्टनचा आणखी एक अडथळा. अँजिओटेन्सिन-२ केवळ स्नायूच आवळत नाही, मज्जातंतूच्या टोकातून नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटण्यासही मदत करते. एटी-१ ग्राही बंद असताना ही मदतही बंद होते. टेल्मिसार्टन या ग्राहीला घट्ट धरून बसते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे २४ तासांचा, सार्टन गटात सर्वांत लांब, त्यामुळे आदल्या दिवशीची गोळी चुकवली असती तरी त्याआधीच्या गोळ्यांचा अंमल पूर्ण गेला नसता.

तीन संदेशांपैकी पहिला भुलेने मंदावला होता, दुसरा गोळीने बंद केला होता. उरला व्हॅसोप्रेसिनचा, आणि शरीराचे स्वतःचे व्हॅसोप्रेसिन मिनिटांत दाब सावरण्याइतके वाढत नाही. बाहेरून दिलेल्या एका युनिटला व्ही-१ ग्राही मोकळा मिळाला आणि त्याच कॅल्शियमच्या वाटेने स्नायू आवळला. नॉरअ‍ॅड्रेनालिन आधीपासून चालू असल्याने दोघांचे काम एकमेकांना पूरक ठरले, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन शिराही आवळत असल्याने तिथे साठलेले रक्त परतू लागले. हे सारे वेगाने चालवलेल्या सलाईनसोबत घडले. नुसते आवळण्याचे औषध देऊन पाण्याची तूट तशीच ठेवली असती, तर मॉनिटरवरचा आकडा सुधारला असता आणि मूत्रपिंड उपाशी राहिले असते.

प्रोपोफॉलऐवजी एटोमिडेट किंवा केटामाइन हे भुलेचे औषध वापरले असते तर हे टळले असते का, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. एटोमिडेट सिंपथेटिक आदेशाला फारसा धक्का लावत नाही, म्हणून पहिली घसरण कमी झाली असती. त्याची किंमत म्हणजे एका मात्रेनेही काही तास अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे कॉर्टिसॉल बनवणे मंदावते. केटामाइनचे वागणे तर शिकण्यासारखे आहे: सुट्या रक्तवाहिनीवर तेही सैलावण्याचेच काम करते, परंतु शरीरात ते सिंपथेटिक आदेश वाढवते आणि म्हणून दाब चढतो. ज्यांचा सिंपथेटिक साठाच संपत आला आहे अशा रुग्णात केटामाइननेही दाब पडू शकतो. माझे मत असे की औषध बदलल्याने घसरणीचा वेग कमी झाला असता, पण सेव्होफ्लुरेन, कोरडे शरीर आणि बंद एटी-१ ग्राही हे तिन्ही तसेच राहिले असते. आप्पांच्या बाबतीत निवडीपेक्षा मात्रा, वेग आणि हाताशी ठेवलेली औषधे अधिक उपयोगी पडली.

पुढे

दाब स्थिरावल्यावर सर्जनशी बोलून पोटातील वायूचा दाब १० मिलिमीटरवर ठेवला आणि डोके जरुरीपुरतेच उंच केले, कारण डोके वर केले की पायांकडे रक्त साठते. शस्त्रक्रिया पाऊण तासात झाली. सरासरी दाब नुसता ६५ च्या वर ठेवण्यावर न थांबता आम्ही तो ७५ च्या आसपास राखला. दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्यांच्या मेंदूला आणि मूत्रपिंडाला थोडा वरचाच दाब सवयीचा झालेला असतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन हळूहळू कमी करून शस्त्रक्रियेनंतर थोड्याच वेळात बंद केले. एकूण दीड लिटर सलाईन गेले, लघवी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीचे क्रिएटिनिन १.० आले.

मुलाला सर्व सांगताना त्याने विचारले, “बापूंचं हृदय कमजोर आहे का?” त्यांच्या शेतात कपाशीला ठिबक आहे. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर पंप पूर्ण जोरात चालूनही शेवटच्या नळीपर्यंत पाणी पोचत नाही, तसे झाले होते, पंपाचा दोष नव्हता, असे सांगितल्यावर त्याला ते लगेच उमजले आणि त्याने पुढचा प्रश्न नेमका विचारला: मग ती गोळी कायमची बंद करायची का?

बंद करायची नव्हती. शस्त्रक्रियेनंतर सार्टनची गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाणे हा वेगळाच धोका आहे, आणि घरी परतलेल्या माणसाचा दाब अनेक आठवडे कोणी मोजलेलाही नसतो. तिसऱ्या दिवशी आप्पांचा दाब १४८/८८ झाला, पाणी आणि जेवण व्यवस्थित सुरू होते, म्हणून फिजिशियनच्या सल्ल्याने टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम एकटेच सुरू केले आणि थायझाइड असलेली जुनी पट्टी मुलाकडून परत घेतली. पाऊस सुरू झाल्यावर दाब पुन्हा मोजून थायझाइडचा निर्णय घ्यायचा, असे त्यांच्या कागदावर लिहून दिले. त्याच कागदावर, पुढे कधी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर गोळ्यांची पट्टी सोबत आणावी, टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून घेऊ नये आणि भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी प्यावे, अशा तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून सिस्टरांनी आप्पांकडून त्या मोठ्याने वाचून घेतल्या.